दुसरी वेलांटी

गुरुजी, आज रविवार आहे. सकाळचे पावणेसात झाले आहेत आणि भोकरदनच्या पोलीस ठाण्यासमोरच्या माझ्या टपरीत मी एका बुलेटसाठी लाल रेडियममधून ‘पोलीस’ हा शब्द कापत बसलो आहे. ‘ली’ला दुसरी वेलांटी. इथे निम्म्या गाड्यांवर पहिली असते; माझ्या हातच्या एकाही गाडीवर नाही. नंबर प्लेटा, दुकानांच्या पाट्या, रिक्षांच्या काचेवरची नावे, यावर माझे चालते. नववीत शाळा सुटली, पण तुमची वेलांटी सुटली नाही.

उद्या मला कोर्टात साक्षीला जायचे आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ठाण्यातले जमादार टपरीपाशी आले. "चल रे, पंच म्हणून सही करायचीय. दोन मिन्टाचं काम." टपरी ठाण्यासमोर असली की असे बोलावणे येतेच; कधी शेजारचा चहावाला, कधी मी, कधी दोघेही. त्या दिवशी दोघेही गेलो. आत एक मालवाहू रिक्षावाला भिंतीला धरून उभा होता. विहिरींवरच्या मोटारींची केबल चोरल्याच्या संशयावरून त्याला आदल्या संध्याकाळी आणले होते. मी त्याला ओळखत होतो. त्याच्या रिक्षाच्या मागच्या काचेवर त्याच्या मुलीचे नाव मीच चिकटवून दिले होते. अटकेचा पंचनामा आधीच लिहून तयार होता.

"तुझं अक्षर भारी हाय, नजर घाल बरं एकदा," जमादार म्हणाले. "साहेब शुद्धलेखनावरून लई बोलून राह्यले. चोर सोडून माझ्याच मागं लागलेत."

सगळे हसले. मीही हसलो. रिक्षावाला हळूच म्हणाला, "दादा, पाय बघा ना माझे."

मी कागद बघितला. खालच्या बाजूला ओळ होती, ‘आरोपीच्या अंगावर कोणतीही जखम नाहि.’ मी पहिली वेलांटी खोडली आणि दुसरी काढली.

"खाडाखोड केली ना? मंग बाजूला सही ठोक," जमादार म्हणाले.

ठोकली. कागदाच्या तळाशी चहावाल्याची सही आहे आणि माझीही आहे. त्या ‘नाही’च्या शेजारची सही मात्र एकट्या माझी आहे.

धावड्याच्या शाळेचा ओटा आठवतो. मी सातवीत आहे, तुम्ही मला चौथीच्या वह्या तपासायला दिल्या आहेत आणि मला आभाळ ठेंगणे झाले आहे. एका पोराने लिहिले आहे, ‘माझि आई वारलि.’ मी दोन्ही वेलांट्या दुरुस्त करतो, खाली ‘शुद्धलेखन सुधार’ असे लिहितो आणि वही त्याच्या हातात देतो. तुम्ही मला ओट्याच्या टोकाला नेता. "मोठ्यानं वाच." मी वाचतो. "आता त्या पोराकडं बघून वाच." मला वाचता येत नाही. त्या दिवशी तुम्ही मारले नाही. स्वतःचे तांबड्या शाईचे पेन माझ्या खिशाला लावले आणि म्हणालात, "आधी मोठ्यानं वाचायचं, मंग टोपण काढायचं."

रिक्षावाला जामिनावर सुटला. अजून लंगडतो. ठाण्यात मारहाण झाली अशी तक्रार त्याने कोर्टात केली, म्हणून मला समन्स आले. गुरुवारी त्याची बायको टपरीवर आली. बराच वेळ पाट्या बघत उभी राहिली. मग म्हणाली, "भाऊ, खरं बोला असं म्हणायला न्हाई आले मी. तुमचं बी पोट ह्याच टपरीवर हाय. पर ते म्हणतेत, तुमाला पाय दाखवले होते. तेवढं विचारायला आले." मी म्हणालो, "मी कागद वाचत होतो, वैनी." ती गेली.

त्याच संध्याकाळी जमादार आले. "कागदावर हाय तेच बोलायचं, बराबर? तुझ्याच हातचं हाय ते." जाताना हसून म्हणाले, "तुझी टपरी रस्त्यात येऊन राह्यली म्हणे. मी सांगितलं नगरपरिषदवाल्याला, र्‍हाऊ दे, आपलाच माणूस हाय." आई म्हणते, पिंपळगावला मामाकडे जाऊन पड, आजारी आहे म्हणून सांगू. आज पडलो तरी पुढची तारीख येईलच, आणि टपरी ठाण्यासमोरून हलणार नाही.

म्हणून मी एक उत्तर ठरवले आहे: मी कागद वाचत होतो, पाय पाहिले नाहीत. जमादारही त्याला "चालतंय" म्हणाले. पण उद्या वकील पंचनामा हातात देतील आणि म्हणतील, वाचा. काल टपरीचे दार ओढून घेऊन ती ओळ एका कागदावर लिहून मोठ्याने वाचून पाहिली. ‘जखम’पर्यंत आवाज येतो. पुढे येत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तुम्ही जाऊन कितीतरी वर्षे झाली, धावड्याच्या घराला कुलूप आहे. ते इथेच रेडियमच्या कातरणांखाली राहील. फक्त वर एका ठिकाणी दुरुस्ती हवी आहे. ‘मी कागद बघितला’ असे लिहिले आहे. त्याच्या आधी मी पाय बघितले होते. त्याने एक पाय उचलून धरला होता, तळवा सुजून जांभळा झाला होता. मग मी टोपण काढले.

एवढे आत्ता मोठ्याने वाचले, गुरुजी. आवाज शेवटपर्यंत आला.