उलट्या आट्यांची रिंग

शनिवार, १२ नोव्हेंबर १९८३, शहापूर

आज संध्याकाळी मारोतीच्या सायकल दुकानासमोर फिक्सवाल्यांची चाचणी. यांच्या सायकलींना ब्रेक नसतो, फ्रीव्हील वेल्डिंगने बंद केलेलं असतं; पॅडल पायांनी रोखून थांबायचं. उतारावरून येऊन खडूच्या रेषेआधी थांबेल तोच उद्याच्या शर्यतीत, हा मारोतीचा नियम.

"काहून वो बाई, ब्रेकवाली सायकल नाही भेटली का?" मारोती म्हणाला. सगळे पोट्टे हसले.

"ब्रेक आहे. पायात आहे."

मी रेषेच्या वीतभर आधी थांबले. मग मारोती आला. पॅडल रोखताच त्याचं फ्रीव्हील आट्यांवरून उलटं फिरून सुटलं आणि तो रेषेपलीकडे तणसाच्या ढिगात शिरला. फ्रीव्हील उलटं सुटू नये म्हणून त्याच्या मागून उलट्या आट्यांची रिंग कसली नाही, की हेच होतं. महिन्यापूर्वीच मी त्याला सांगितलं होतं. माझी रिंग मी आयटीआयच्या लेथवर स्वतः कापली आहे. त्याने ती पाहिलीसुद्धा नाही. एवढं का लागलं मला?

तणीस झटकत म्हणतो, "उतार जास्त होता. बाई, तुमी उद्या पाहाले या."

उद्याच्या शर्यतीची यादी त्याने खिशातून काढली. मी ती घेतली, त्याचं नाव खोडलं, तिथे माझं लिहिलं. नियम त्याचाच आहे.