आठ टाक्यांची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय एकोणसत्तर, निवृत्त लिफ्ट दुरुस्ती कारागीर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस घातलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वीची दोन मी स्वतः फाडली. दोन्ही वेळा टाक्यांच्या कलमाशी अडलो.

१. राहतं घर आणि बँकेतील ठेवी पत्नीच्या. मागचं दार दुरुस्त करायचं राहिलं, हे मान्य.

२. हत्यारांची पेटी मुलीला. जावयाने पेटीला हात लावू नये. गेल्या वेळी त्याने माझ्या पान्याने खिळा ठोकला.

३. मेहुण्यास काहीही नाही. कारण पुढील कलमात.

४. स्कूबाच्या हवेच्या टाक्या, नग आठ. हौसेने बुडी मारणाऱ्याकडे टाक्या किती असाव्यात, यावर आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद झाला. पत्नी म्हणायची, "दोन. एक तुझी, एक माझी. जास्तीच्या भाड्याने मिळतात." दोन होत्या तोवर सुरळीत होतं. मग बुडीच्या सामानाचं एक दुकान बंद पडलं आणि मेहुणा म्हणाला, "भाऊजी, सहाच्या सहा उचला!" मी उचलल्या. तो स्वतः एकदाही बोटीवर फिरकला नाही.

टाकीची दाबाची चाचणी ठरावीक वर्षांनी करावी लागते. परक्यांच्या लिफ्टची तपासणी मी कधी एक दिवस चुकवली नाही. घरच्या टाक्यांबाबत मात्र, आठ आहेत, चार तरी चालू असतीलच, असं म्हणत राहिलो.

नऊ वर्षांपूर्वी पत्नीच्या कानाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, यानंतर खोल पाण्यात जायचं नाही, कधीच. म्हणून आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही तिची शेवटची बुडी ठरवली. आठही टाक्या गाडीत घातल्या. हवा भरणाऱ्याने एकेकीच्या गळ्यावर कोरलेली चाचणीची तारीख पाहिली आणि बाजूला ठेवत गेला.

"काका, एकीचीही मुदत उरलेली नाही. मी नाही भरणार."

"अरे, एक तरी भर. हिच्यापुरती."

"भरताना फुटली तर इथे कोणीच उरणार नाही."

सुटीमुळे भाड्याच्या टाक्याही सकाळीच गेल्या होत्या. पत्नी बुडीचा पोशाख घालून धक्क्यावर बसून राहिली. तासाभराने म्हणाली, "चल, भूक लागली." बस्स. त्यानंतर अवाक्षर नाही. नऊ वर्षांत एक टोमणासुद्धा नाही! तेव्हापासून मीही पाण्यात उतरलो नाही, त्यावरही ती गप्प. माणसाने चिडायचं तरी कोणावर?

५. म्हणून आठही टाक्या भंगारात द्याव्यात, असं मी लिहिलं होतं. काल तिला मसुदा दाखवला. तिने चष्मा लावून वाचला आणि "आठही"वर काट मारली.

"सात दे. एक चाचणीला पाठव."

"कशाला? तुला तर उतरता येत नाही."

"तू उतर. मी बोटीवर बसेन. वर आलास की काय काय दिसलं ते सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही. नऊ वर्षं वाट बघतेय, तू स्वतःहून कधी 'उतरतो' म्हणतोस याची."

सबब टाक्या नग सात भंगारात. आठवी आज सकाळी चाचणीला दिली आहे. तिची व्यवस्था या दस्तात केलेली नाही.

स्थळ : राहतं घर, जेवणाचं टेबल
दिनांक : ७ फेब्रुवारी

लिहून ठेवणार : (सही)

आमच्या समक्ष सही केली :
१. शेजारच्या शिंपीणबाई (सही)
२. हवा भरणारा (सही)