भाटव्याला गाडीबंदी

अड्याळ, ता. ६ फेब्रुवारी १९७९

श्री. जागेश्वर कंडक्टर यांस,

नमस्कार लिहीत नाही. आजवर दादा म्हणून अरे-तुरे केलं, आता तुम्हीच म्हणते. सोमवारी भर चौकात तुम्ही यांना गाडीच्या पायरीवरून खाली उतरवलंत. आपल्या दारी जावई आला की आई पाय धुवायला पाणी आणते, आणि सख्खा साळा भाटव्याला, बहिणीच्या नवऱ्याला, धुळीत उभा करतो! विहिरीवर बायका माझ्याकडे बघून हसतात. सासूबाई म्हणाल्या, असा भाऊ असण्यापेक्षा नसलेला बरा. मला पटलं. बंदी उठवा, तोवर मला भाऊ नाही.

चंद्रकला

---

भंडारा, ता. १२ फेब्रुवारी

चि. सौ. चंद्रकला हिस,

अ. उ. आ. रागात असलीस तरी आशीर्वाद घे, तो परत घेता येत नाही.

परसरामने तुला अर्धंच सांगितलं असणार. त्या सोमवारच्या आधीच्या आठवड्यात त्याने खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरली होती. वच्छला म्हातारी नकळत त्यावर बसली. त्याने तिला दंडाला धरून खाली आपटलं. आमचा सुखराम कंडक्टर मधे पडला, तर तिकिटांच्या पेटीनेच त्याचं डोकं फोडलं. सुखराम अजून दवाखान्यात आहे. म्हणून या रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी ठरवलं की परसराम चढला तर गाडी हलणार नाही. हे आधी मीच बोललो. जावयाचा मान घरच्या दारी, गाडीच्या दारी नाही. बंदी उठणार नाही. तुला भाऊ नको तर नको, आई मात्र तुझी वाट बघते.

जागेश्वर

---

अड्याळ, ता. १९ फेब्रुवारी

साळेबुवांस रामराम.

तुमचं पत्र मीच फोडलं. मी चढत नाही त्या गाडीत तुमची बहीणही चढणार नाही. माहेर बंद. बाहेर जाता येत नाही, म्हणून दिवसभर घरीच असतो. तुमचा राग कोणावर निघतो ते समजून घ्या.

परसराम

---

अड्याळ, ता. २७ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र शेजारच्या बेबीबाईच्या हाती चोरून पाठवते आहे. उजवा हात उचलवत नाही, अक्षर सांभाळून घे. यांचं मारणं आधीपासूनच होतं रे, मी माहेरी कधी बोलले नाही. जावयाचं नाव खाली जाऊ नये एवढंच बघत राहिले. काल चुलीतलं लाकूड उचलून म्हणाले, "तुया भावानं मले गाडीतून उतरवलं, आता तुले कोण सोडवते थे पायतो."

सोमवारी सकाळी तू आमच्या गाडीवर असशील. पाणी आणायला म्हणून निघेन आणि चौकात चढेन. हे मागे धावत येतील. पायरीवर पाय ठेवतील, हात जोडतील, मला मोठ्याने हाका मारतील. मी रडले तरी माझं ऐकू नको. साऱ्या अड्याळात यांना यायला मनाई असलेली तेवढी एकच जागा आहे.

आईला आधी काही सांगू नको. लोभ आहेच. बंदी असावी, ही विनंती.

तुझी,
चंद्रकला