हात लावीन तिथे गंज

प्रिय खरखरदास यांस,

ओल्याचा सप्रेम (आणि नेहमीप्रमाणे किंचित दमट) नमस्कार. बोटीवर तुझी तब्येत ठणठणीत असेल, तुझी इंजिनंही वेळच्या वेळी खोकत असतील. इकडे मी मजेत आहे. तुझ्या आजोबांचा हॅम रेडिओही मजेत आहे. (हे वाक्य मुद्दाम वर घातलं आहे. पुढचं वाचताना अधूनमधून इथे परत येऊन धीर घेत जा.)

जाताना तू तो अवजड बिनतारी सेट, त्याचा संदेश पाठवायचा, कट्टकडकट्ट करणारा मोर्सचा पोलादी खटका आणि एक चिठ्ठी माझ्या हवाली केलीस. चिठ्ठीत तीनच सूचना होत्या: ओल लागू देऊ नकोस, उघड्या हाताने शिवू नकोस, आणि आतल्या चांदीचा मुलामा दिलेल्या कॉइली काळ्या पडल्या तरी घासू नकोस. अरे, ज्याच्या घामट हाताखाली परीक्षेत उत्तरपत्रिका विरघळायची, ज्याला अख्खी शाळा ओल्या म्हणायची (नाव तूच ठेवलंस), त्याच्या हाती लोखंड सोपवताना तुझी अक्कल कुठल्या बंदरात उतरली होती? पहिल्याच दिवशी, वाजतो कसा बघू, म्हणून मी खटका दाबला. दोन दिवसांनी त्यावर माझा अंगठा उगवला. तांबूस, गंजाचा, रेषांसकट. सरकारी कागदावरसुद्धा माझा अंगठा इतका स्वच्छ कधी उठलेला नाही.

मग मी उपाय योजला. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, असं कुठेतरी वाचलं होतं. (पुढचं पानही वाचायला हवं होतं.) सेटच्या पेटीत वाटीभर मीठ ठेवलं आणि निवांत झालो. मिठाने ओल ओढली, भरपूर ओढली, आणि वाटी भरल्यावर इमानेइतबारे खाली सांडली. स्क्रूंना गंजाच्या मिशा फुटल्या. तारा नीट राहाव्यात म्हणून मी हौसेने रबरबँड लावले होते, तर तिथली चांदी काजळासारखी काळी. (रबरातल्या गंधकाने, हे मागाहून कळलं.) माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि तेही बहुधा तळहातांकडेच गेलं.

शेवटी हात टेकले (रुमालावर) आणि सेट हातगाडीवर घालून तुझ्या धाकट्या बहिणीच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात नेला. तिने डोळ्याला भिंग लावलं आणि सेटच्या आधी माझे तळवे पाहिले. "दादा, हे हात आहेत की मिठागरं? त्या कोपऱ्यात बस. कशालाही हात लावू नकोस. भिंतीलासुद्धा." तेव्हा कळलं की काहींचा घामच पोलाद खाणारा असतो, आणि घड्याळवाले अशा माणसाला टेबलाजवळ उभंही करत नाहीत. मी मांडीवर हात ठेवून बघत राहिलो. तिने रबरबँड कापून सुती दोरा बांधला, मऊ ब्रश आणि स्पिरिटने मीठ काढलं, पोलादावर तेलाचा नुसता भास होईल इतकंच तेल फिरवलं. काळ्या कॉइलींना मात्र शिवलीसुद्धा नाही. "राहू देत काळ्या. घासलं तर काळेपणाबरोबर चांदीही जाईल." इतक्या हळुवार हाताने कुणी काही पुसताना मी आजवर पाहिलं नव्हतं. तिच्या सांगण्यावरून पेटीत उबेसाठी बारका बल्बही लावला. (झाकणावर आता आमची मांजर झोपते. तिला गंज चढलेला नाही.) सेट सुधारला, पण खटका काही सुधारेना. दर आठवड्याला गंजायचा, आणि दर शनिवारी तो रुमालात गुंडाळून मला दुकानात न्यावा लागायचा. दमट हवा, दुसरं काय!

पुढच्या महिन्यात तू येणार आणि सेट घेऊन जाणार असं कळलं. आनंद झाला. म्हणजे, व्हायला हवा.

तुझा,
ओल्या

ता. क. हवा दमट नाही. गेले पाच महिने दर गुरुवारी मीच खटक्यावर अंगठा दाबून ठेवतो. शनिवारपर्यंत छान उगवतो.

ता. क. २ तुझी बहीण दोन महिन्यांपासून मला दादा म्हणत नाही, एवढं फक्त नजरेस आणून देतो. तू सेट नेलास तर मी शनिवारी कुठे जाऊ? तेव्हा सेट खुशाल ने, पण मी तुझ्या बहिणीचा हात मागतो आहे, आणि तो गंज काढायला नव्हे. तिला अजून काही बोललेलो नाही. बोलायला गेलो की काय होतं, ते तुला माहीत आहे. तू मात्र अवाक्षर काढू नकोस.

ता. क. ३ माझ्या हाताखाली पाकिटावरची शाई फुटते, म्हणून पत्ता तिच्याकडून लिहून घेतो. काळजी नको, पाकीट घट्ट चिकटवूनच देतो आहे.

(खाली, वेगळ्या आणि कोरड्या अक्षरात)

दादा, पाकीट घामाने आपोआप सुटलं. गुरुवारचा अंगठा मी दुसऱ्याच आठवड्यात ओळखला होता. दमट हवेला रेषा नसतात. तू लवकर ये. आणि ह्यांना तूच सांग, मी सांगितलं तर भिजतील: अंगठी सोन्याचीच आणायची. दुसरं काही ह्यांच्या हाती टिकायचं नाही.