हौदातलं पाणी

शनिवार संध्याकाळ, स्टुटगार्ट

बाबा उद्या पुण्याला परत जाणार. बॅग भरताना आमच्या जपानच्या सहलीच्या गप्पा निघाल्या. त्यांच्या गुडघ्यांसाठीच तर मी उरलाउब, म्हणजे वर्षाची रजा, राखून ठेवला होता, आणि ती जुन्या पद्धतीची सराई मुद्दाम शोधली होती. खोलीलाच लागून गरम झऱ्याच्या पाण्याचा हौद, फक्त आपल्यापुरता.

सहज विचारलं, "हौदात बसून बरं वाटलं होतं ना गुडघ्यांना?"

"हौदात? छे रे! भरून ठेवलेल्या पाण्यात कोणी पाय घालतं का? शेजारी ती लाकडी बादली होती ना, तिनंच पाणी घेऊन केली आंघोळ."

म्हणजे तिथले दोन्ही दिवस! मी आपला दाराबाहेर, त्यांना संकोच नको म्हणून. साबण हौदाबाहेरच लावा, एवढंच सांगितलं होतं. आत उतरा, हे का नाही सुचलं सांगायला? आणि नंतर मी आणि माझी बायको मेघना मात्र त्यात मनसोक्त डुंबलो. पुन्हा एवढा प्रवास त्यांना झेपणार नाही. आता सांगून तरी काय?

ती एवढीशी लाकडी बादली.

"तुम्ही दोघं मागून जाणार होतात," बाबा म्हणाले, "म्हणून बेतानंच घेतलं. पुरलं ना तुम्हाला?"

"पुरलं, बाबा."