मानकऱ्याची कुंडी

सांगली,
२३ जानेवारी १९९४

ती. सुमंतदादास, शरयूचा शि. सा. न. वि. वि.

गुलाब प्रदर्शन पार पडले. 'स्वतः डोळा भरलेले कलम' या गटाची ढाल आपल्या अण्णांनाच मिळाली. पण उडी मारण्याआधी पुढचे वाच. समारंभानंतर मी त्यांची कुंडी उचलली, तर कलमाच्या जोडात निळ्या प्लॅस्टिकची पट्टी रुतलेली! अण्णांनी जन्मात कलमाला केळीच्या खोडाच्या सोपटाशिवाय काही बांधले नाही, आपल्यालाही तेच शिकवले. कुंडी रोपवाटिकेतून विकत आणलेली आहे, दादा.

अशाच विकतच्या कुंडीपायी गेल्या वर्षी आष्ट्याच्या रंगूबाईंना आपल्या गुलाब मंडळाने वर्षभर बाहेर ठेवले, तेही तुझ्याच भाषणावर. त्यांच्या अंगणात तपासणीला पाच जण गेले होते. अण्णांसारख्या मानकरी सभासदांच्या घरी मात्र तपासणी नसते. चिटणीस म्हणून मी अहवालात काय लिहू? हे म्हणतात, गप्प बस.

आणि तुझ्या पिवळ्या गुलाबाचा डोळा कुठून आणलास, ते तीन वर्षे विचारते आहे. या वेळी तरी टाळू नकोस.

उत्तराची आणि मायेची वाट पाहणारी,
शरयू

सातारा,
२७ जानेवारी १९९४

चि. शरयूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या यजमानांना सांग, मंडळ म्हणजे लग्नाची पंगत नव्हे, वाढतील ते मुकाट गिळायला. मान म्हणजे काय गं? खांद्यावर शाल आली की तिच्या आत काय दडवले ते कोणी पाहायचे नाही? रंगूबाई चुकल्या तेव्हा एक कुंडी खोटी ठरली. अण्णांकडे पाहून ज्यांनी कलमाचा चाकू हाती धरला, त्या सगळ्यांना त्यांच्या चुकीपायी मान खाली घालावी लागेल. रंगूबाईंना एक वर्ष, तर अण्णांना दोन! ते आपले थोरले भाऊ म्हणून माझी जीभ अडखळायची नाही. १३ फेब्रुवारीच्या सभेत ठराव मीच मांडतो.

हे पत्र तीनदा लिहून फाडले. मन थाऱ्यावर नाही. त्यात तू पिवळ्या गुलाबाचे काय घेऊन बसलीस!

रागावला तरी तुझाच,
सुमंतदादा

सांगली,
१ फेब्रुवारी १९९४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मी शनिवारी अण्णांकडे गेले. त्यांनी मला विचारूच दिले नाही. गच्चीवर नेऊन गुलाबाची काडी हातात दिली आणि म्हणाले, हिच्यावरचा डोळा दाखव. मी पानाच्या बेचक्यातला तो बारीक अंकुर दाखवला. म्हणाले, मला तो दोन वर्षे दिसत नाही. त्यांच्या अंगठ्यावर चाकूचे तीन वण आहेत. यंदा अण्णांची कुंडी नाही, हे लोकांना सांगायची लाज वाटली, म्हणून आणली.

रविवारी ढाल पिशवीत घालून ते एकटेच एसटीने आष्ट्याला गेले. रंगूबाईंनी चहा दिला, ढाल घेतली नाही. म्हणाल्या की आवं अण्णा, ढाल घिऊन काय करू, तिला काय कळ्या येत्यात व्हय? माज्या दारात पाच मानसं आली. तुमच्या दारात एक बी का आलं न्हाई, तेवढं मंडळाला इचारा.

तेव्हापासून अण्णा घरभर येरझाऱ्या घालताहेत. दोन वर्षे त्यांना कबूल आहेत. मात्र ठरावात एक ओळ वाढवायला सांगितली आहे: यापुढे तपासणी सर्वांत आधी मानकऱ्यांच्या घरी. रंगूबाईंचे वर्ष परवाच संपले, तेव्हा पहिली तपासनीस त्याच. मानकऱ्यांच्या यादीत अण्णांनंतर तुझे नाव. येत्या रविवारी आम्ही दोघी येतो.

भाषणे आवरून चहाचे आधण ठेव.
तुझी शरयू

सातारा,
४ फेब्रुवारी १९९४

चि. शरयूस आशीर्वाद.

ठराव लिहायला चार वेळा बसलो. 'मानकरी' या शब्दाशी पेन अडते. तू विचारत होतीस ते आता सांगतो. जिन्याजवळचा पिवळा गुलाब मी १९९१ साली पुण्याहून विकत आणला. त्याला दुसरे बक्षीस मिळाले. जोडातली पट्टी दिसू नये म्हणून तिच्यावर दर पावसाळ्यानंतर नवे सोपट गुंडाळतो. रंगूबाईंवर तासभर बोललो, तेव्हा त्या बक्षिसाचा पेला माझ्या कपाटात होता.

अण्णांनी तुला स्वतः सांगितले. मी तीन वर्षे झाकले. म्हणून ठरावात अण्णांना दोन वर्षे आणि मला तीन. मांडणार मीच, या वेळी भाषण न करता.

कुंडी दारात काढून ठेवली आहे. सोपटाला मी हात लावलेला नाही. ते रंगूबाईंनी सोडावे.

त्यानंतरही चहाला थांबावेसे वाटले, तर थांबा.

सुमंत