यांच्या बोटांच्या मापाची गाडी

मी, दातांच्या कवळ्या घडवण्यात उभं आयुष्य घालवलेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात, पण डोकं ठिकाणावर आहे. माझ्यामागे हाच कागद खरा मानावा.

१. राहतं घर अंगणासह माझ्या एकुलत्या एक लेकीला द्यावं. मागच्या दाराच्या उंबऱ्याला रबराचा उतार आहे. तो ओबडधोबड दिसतो हे मान्य, तरी काढू नये.

२. बँकेतली शिल्लकही तिचीच. माझ्या कोरण्या आणि पॉलिशचं यंत्र दवाखान्यातल्या नव्या कवळीवाल्या बाईंना द्यावं.

३. रिमोटवर चालणारी लाल गाडी. हिच्यासाठी जरा जास्त शाई लागणार.

आमचे हे ट्रक चालवायचे. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, डाव्या हाताची बोटं संधिवाताने आधीच वाकडी झालेली. जिभेवर ‘चल’ एवढा एकच शब्द उरला. लेकीच्या घरच्या माळ्यावर ही मोडकी गाडी पडून होती. हाताने घडवायचं रबर मिळतं, पाकिटातून काढलं की कणकेसारखं मऊ आणि दुसऱ्या दिवशी चिवट. तुटलेला बंपर मी त्या रबराने सांधला, गुळगुळीत चाकांवर खाचांचा थर चढवला, पुढे एक आकडा वळवला. रिमोटच्या दांड्यांवर गोळे थापले आणि कवळीचा साचा घ्यावा तशी यांची बोटं त्यात दाबून धरली.

दुसऱ्या दिवशी गाडी स्वयंपाकघरात माझ्या पायाशी येऊन उभी. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, “चल!”

मग दुपारभर हे डोळे मिटून, नुसत्या घरघरीवर गाडी फिरवायचे. गाडी उतारावरून अंगणात गेली की यांचे केस वाऱ्याने उडताहेत असं मला वाटायचं. बाहेर पानगळीत गाडीबरोबर हेही कुठेतरी दूर, लांबच्या रस्त्याला लागलेले असायचे. पलंगावर फक्त अंग असायचं.

४. धाकट्या दिरांबद्दल. एके दिवशी भाऊजी डॉक्टरांना घेऊन आले. “वहिनी, दादाला आता कळत नाही. घर विकू, त्याला चांगल्या संस्थेत ठेवू.”

“त्यांनाच विचारा,” मी म्हणाले.

“खेळण्याशी खेळणाऱ्याला काय विचारायचं?”

यांनी रिमोट उचलला. गाडी दारापाशी गेली, भाऊजींचा एक बूट आकड्यात अडकवला आणि फरफटत आणून त्यांच्या पायांपुढे ठेवला. मग दुसरा आणला.

“चल,” हे म्हणाले.

डॉक्टर हसू दाबत म्हणाले, “यांना सगळं कळतंय.”

भाऊजी तडक निघून गेले. पुढे बरीच वर्षं अबोला. तो मीही पाळला. माझा रागही काही कमी नव्हता.

हे गेले त्या दिवशी भाऊजी आले. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी रिमोट हातात घेतला. आता त्यांचीही बोटं वाकडी झाली होती. एकेक बोट रबराच्या खळग्यात बरोबर जाऊन बसलं.

“वहिनी,” ते पुटपुटले, “दादाचा हात धरल्यासारखं वाटतंय.”

मी बाजूला सरकून त्यांच्याशेजारी बसले. गाडी अंगणात सोडली. बॅटरी संपेपर्यंत आम्ही दोघं तिची घरघर ऐकत राहिलो.

गाडी, रिमोट आणि चार्जर भाऊजींना द्यावा. रबर झिजलं तर कपाटात एक बंद पाकीट आहे. मऊ असतानाच बोटं दाबून धरावीत, घाई करू नये.

हा मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. शिंपीणबाईंनी दोनदा डोळे पुसले. तरी एक अक्षरही बदललेलं नाही.

साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई (सही), यांना व्यायाम शिकवणाऱ्या ताई (सही)

लिहून देणार: कवळीवाली (सही)

स्थळ: राहत्या घराचं मागचं अंगण
दिनांक: नऊ मार्च, मंगळवार, ऊन उतरताना